बाहेरची कडी

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या कठड्यावर आम्ही पाच जण सकाळी जमतो, तेव्हा पहिला प्रश्न नेहमी पाण्याचा असतो. "सुटलं काय पाणी?" असे कोणीतरी विचारतो, आणि ज्याच्या गल्लीत सुटलेले असेल तो किती वाजता सुटले, किती दाबाने आले आणि वरच्या टाकीत चढले की नाही, हे सविस्तर सांगतो. दुसरा प्रश्न झोपेचा, तिसरा पोटाचा, चौथा मुलांच्या फोनचा. पाचव्याला खरे तर प्रश्न म्हणता येणार नाही, कारण "बाकी काय विशेष?" याला विशेष असे उत्तर कोणी अपेक्षीतही नाही. गेली नऊ वर्षे हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारले जात आहेत. एकदा सुट्टीला आलेला माझा पुतण्या हौसेने आमच्याबरोबर दोन दिवस फिरला आणि दुसऱ्या दिवशी परतताना म्हणाला, "काका, हे सगळं तुम्ही काल बोलला होता की." मी त्याला सांगितले की होय, आणि उद्याही हेच बोलणार आहोत. त्याला ते विनोदाने घ्यावे की नाही, हे कळले नसावे.

आमची बसायची जागा शालिनी पॅलेसच्या अंगाला आहे. १९३४ साली पूर्ण झालेली ती वास्तू पाठीशी घ्यायची, तोंड गावाकडे करायचे आणि पाण्यापलीकडच्या पेठांवर सूर्य वर येताना पाहायचा, असा बेत. पावणेसहाला एकत्र यायचे, जमेल तेवढी फेरी मारायची आणि उरलेला वेळ कठड्यावर काढायचा. पूर्वी आम्ही तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालत असू. आता कोणाचा गुडघा, कोणाची टाच आणि कोणाची लघवीची घाई, यांच्या सोयीने फेरी आखडत गेली आहे आणि बसणे वाढले आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. चालणे डॉक्टरांसाठी होते, बसणे आमच्यासाठी आहे.

मंडळींची ओळख करून द्यायला हवी. कंडक्टर एस.टी.त तेहेतीस वर्षे होते आणि त्यातली बरीचशी राधानगरी आणि गगनबावडा या मार्गांवर गेली. मास्तर माध्यमिक शाळेत मराठी शिकवत. वकीलसाहेब अजूनही काळा कोट घालतात. आबांच्या गोठ्यात चार म्हशी आहेत आणि ते धारा काढून, दूध पोचवून, अंगाला वैरणीचा वास घेऊनच येतात. पाचवा मी, बँकेत सदतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला. या नऊ वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरी फारसे गेलेलो नाही. लग्नकार्य आणि मयत हे सोडले तर आमची सारी ओळख या कठड्यावरची, आणि तरीही वकीलसाहेबांना रात्री किती वेळा उठावे लागते हे त्यांच्या मुलांपेक्षा आम्हांला अधिक अचूक ठाऊक आहे.

प्रत्येकाचे गाऱ्हाणे ठरलेले आहे. आबांचे सरकी पेंडीचे. पेंड महागली, दुधाचा फॅट उतरला, एक म्हैस आटायला आली आणि दुसरी लाथा झाडते, हे ते अशा स्वरात सांगतात की नवख्या माणसाला वाटावे, उद्या हा गोठा विकणार. पण दिवाळीच्या पाडव्याला त्याच म्हशींच्या शिंगांना रंग लावून आणि पाठीवर नक्षी काढून ते मिरवायला निघतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहावे. वकीलसाहेबांचे गाऱ्हाणे सर्वांत चमत्कारिक. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे म्हणून त्यांनी तरुणपणापासून मोर्चे काढले, काळ्या फिती लावल्या, कामकाजावर बहिष्कार टाकला. चार दशकांहून जुनी ती मागणी १८ ऑगस्ट २०२५ रोजी पुरी झाली आणि सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे, कामकाज सुरू झाले. त्या आठवड्यात त्यांनी आम्हांला पेढे दिले. पुढच्या आठवड्यात त्यांची तक्रार सुरू झाली की तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि महिनाभराने त्यांनी कबूल केले की त्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेसची आठवण येते. रात्री गाडीत चढायचे, वरच्या बर्थवर कागदपत्रांची पिशवी उशाला घ्यायची, सकाळी मुंबईत उतरायचे. "तीस वर्षं त्या गाडीला शिव्या घातल्या," ते म्हणाले, "आता रात्री साडेआठ वाजले की उगीच चुकचुकल्यासारखं होतंय."

माणसाची तक्रार दूर झाली की तो थोडा पोरका होतो की काय, असे मला तेव्हा वाटून गेले. पाण्याचेही तेच. शहराला पूर्वी पंचगंगेतून उपसलेले पाणी मिळे, आणि २०१९ व २०२१ सालच्या महापुरात उपसा केंद्रेच बुडाली, तेव्हा गावाभोवती पाणीच पाणी आणि नळ मात्र कोरडे, अशी अवस्था आम्ही पाहिली. पुढे काळम्मावाडी धरणापासून थेट जलवाहिनी टाकली गेली आणि २०२३च्या दिवाळीत तिचे पाणी शहराच्या वेशीवर पुईखडीला पोचले. आता "सुटलं काय?" या प्रश्नाचे काय होणार, असे कोणालाही वाटले असते. काही झाले नाही. आज सुटले का, या प्रश्नाची जागा आज कसले सुटले, नदीचे की धरणाचे, या प्रश्नाने घेतली आणि आबा चवीवरून निर्णय देऊ लागले.

पावसाळ्यात आमच्या बोलण्यात आकडे येतात. कोल्हापूरच्या माणसाला जुलैत घड्याळापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आधी लागते. एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका, हे इथे लहान मुलालाही पाठ असते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी पडते. "किती उघडले?" हा मग सहावा प्रश्न होतो. मास्तरांचे घर शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात छातीएवढे पाणी होते. पण त्या पावसाळ्याबद्दल ते आजवर काय बोलले असतील, तर एवढेच की शिवणयंत्राच्या खणात गाळ गेला आणि तो टोकदार सुईनेही पुरता निघत नाही. पुस्तकांची दोन कपाटे गेली, हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळले.

इथे माझे एक निरीक्षण सांगतो. या कठड्यावर कोणीही मोठे दुःख मोठे म्हणून आणत नाही. आणता येत नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कारण सकाळी सहा वाजता, एका बाजूला कानटोपी घातलेला आणि दुसऱ्या बाजूला दूध पोचवून आलेला माणूस बसलेला असताना, "माझं काही खरं नाही" असे वाक्य तोंडातून निघत नाही. निघते ते शिवणयंत्राच्या खणाबद्दल. ऐकणाराही शिवणयंत्राचेच बोलतो. रॉकेलने धुवा म्हणतो, मशीनवाल्याचा पत्ता देतो. दोघांपैकी कोणीही भोळा नसतो.

हे मी स्वतःवरून सांगतो आहे. पाच वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. तेरावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फिरायला आलो आणि माझे गाऱ्हाणे चहाचे होते. चहा पातळ होतो, रंग येतो पण चव येत नाही, कदाचित पावडर बदलायला हवी, असे मी जवळजवळ दोन महिने सांगत होतो. कोणी मला धीर दिला नाही. कंडक्टरांनी मात्र राधानगरी स्टँडसमोरच्या चहावाल्याची रीत सांगितली, की पावडर आधी पाण्यात नुसती खदखदू द्यायची, साखर मागून घालायची आणि दूध वेगळे तापवून वरून ओतायचे. वकीलसाहेबांनी आले ठेचावे की किसावे यावर दोन सकाळी युक्तिवाद केला. आबा काही बोलले नाहीत. फक्त महिनाभर रोज अर्धा लिटर दूध माझ्या दाराशी ठेवून जात होते आणि पैसे विचारले की "तुमच्या पिशवीच्या दुधात दम न्हाई, म्हणून चहा बिघडतोय" एवढेच म्हणत. चहा अजूनही तिच्यासारखा होत नाही. पण तो पातळ होत नाही, हे खरे.

नोकरीत मी तीन वर्षे कुडाळच्या बाजूला होतो. तिकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गावचा जाणता माणूस खड्या आवाजात देवाला एकेक गोष्ट सांगत जातो, की बाबा रे, अमक्याच्या गुरांची राखण कर, तमक्याच्या कामात यश दे, चुकलेमाकले पदरात घे. आणि प्रत्येक वाक्यानंतर भोवतीची मंडळी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते "व्हय म्हाराजा" नुसती साथ वाटली होती. नंतर लक्षात आले की एकट्याने घातलेले गाऱ्हाणे तिथे गाऱ्हाणे समजलेच जात नाही. होकार देणारे लागतात. घाटावर आम्ही या शब्दाचा अर्थ तक्रार एवढाच करून ठेवला आहे. तरी आमच्या कठड्यावर आबा जेव्हा मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला "होय की वो" म्हणतात, तेव्हा मला कुडाळचे ते देऊळ आठवते.

मास्तरांची गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. जूनच्या अखेरीस त्यांनी दाराच्या कडीचे गाऱ्हाणे सुरू केले. कडी लागत नाही, पावसाने चौकट फुगली आहे, कोयंड्यात दांडा बसत नाही, रोज सकाळी दार ओढून धरून एका हाताने कडी सरकवावी लागते आणि त्यात बोटाचे सालटे गेले. हा विषय आमच्या अगदी आवडीचा निघाला. खोबरेल तेल की मशीनचे तेल, यावर मतभेद झाले. वकीलसाहेबांनी पेन्सिलीचे शिसे घासण्याचा उपाय सांगितला, जो त्यांना कुठल्याशा खटल्यात साक्ष देणाऱ्या कुलूपवाल्याकडून कळला होता. मी सुताराचा नंबर दिला. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले, तेल लावले, शिसे घासले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी लागत नाही म्हणून सांगितले. जुलै असा गेला. बंधाऱ्याची पातळी वाढली, उतरली, पुन्हा वाढली. कडी तिथेच होती.

एका सकाळी वकीलसाहेबांनी सवयीने उलटतपासणी केली. "मास्तर, तुमच्या दाराला लॅच आहे ना? मागच्या वर्षी बसवलं म्हणाला होता. ते ओढलं की लागतंच. मग ही कडी कुठली?"

मास्तर म्हणाले, "बाहेरची."

त्यानंतर कोणी काही बोलले नाही. पाऊस भुरभुरत होता आणि आम्ही पाचही जण छत्र्या उघडून एका रांगेत बसलो होतो. घरात माणूस असताना पहाटे साडेपाचला बाहेरून कडी कोण लावतो आणि कशासाठी, हा प्रश्न चौघांच्याही मनात एकाच वेळी आला असणार. वकीलसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडलेले मी पाहिले. तेवढ्यात आबा म्हणाले, "बाहेरची कडी म्हंजे पाऊस लागणारच की तिला. गंजली असंल. बदलूनच टाका." आणि विषय पितळी कडी बरी की लोखंडी, याकडे गेला.

मला तेव्हा मागच्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून आठवू लागल्या. मास्तर अलीकडे अर्धी फेरीही पुरी करत नसत. वीस-पंचवीस मिनिटे झाली की घड्याळ बघत आणि दूध आणायचे आहे म्हणून उठत. घरी दूध कोण घालते हे आबांना ठाऊक होते, कारण ते स्वतःच घालत. तरीही ते त्या सबबीला कधी हरकत घेत नसत. शेजारच्या एका मुलाने वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, भर दुपारी रंकाळा स्टँडवर पाहिल्याचे मला सांगितले होते आणि मी ते ऐकून सोडून दिले होते. मास्तरांच्या हातावर एकदा ओरखडे होते. ते मांजराचे म्हणाले. त्यांच्याकडे मांजर नाही.

त्या दिवशी दुपारी कंडक्टर पिशवीत हातोडी, रंधा आणि नवी कडी घेऊन मास्तरांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले तेव्हा त्यांनी एवढाच अहवाल दिला की चौकट खालच्या बाजूला फुगली होती, जरा तासली, कडी आता बोटाने सरकते. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. पुढचे कंडक्टर सहज बोलल्यासारखे बोलले, पण ते त्यांनी रात्रभर जुळवलेले असावे, असे मला वाटले. ते म्हणाले, "मास्तर, कडी बसवली खरी, पण लावायची गरज न्हाई. आमच्या घरात सकाळी सहाला काय काम नसतंय. ही यील तुमच्याकडं बसायला. तिला तरी कोण हाय बोलायला?" कंडक्टरांच्या घरी सकाळी सहाला किती काम असते, सून नोकरीला जाते आणि दोन नातवंडांचे डबे असतात, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. "होय की वो," आबा म्हणाले.

खरे काय ते मला बऱ्याच उशिरा कळले आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. कंडक्टर गेले तेव्हा वहिनी पिशवी भरून, चांगले लुगडे नेसून पुढच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांचे माहेर राधानगरीच्या वाटेवरचे. त्यांना माहेरी जायचे होते. आईवडील जाऊन तीस वर्षे झाली आहेत आणि भावाने ते घर केव्हाच पाडून स्लॅबचे बांधले आहे, पण त्यांच्या मनात ते घर अजून उभे होते आणि त्यांची वाट पाहत होते. रोज पहाटे जाग आली की त्या निघत. मास्तर समजावत, आधी शांतपणे, मग मोठ्याने. मग ओढाओढ होई. कंडक्टर दारात उभे राहिले, तेव्हा त्यांनी कंडक्टरांकडे पाहून विचारले, "राधानगरीची गाडी लागली काय?"

त्या रस्त्यावर ज्याने आयुष्य काढले त्या माणसाला हा प्रश्न होता. तेहेतीस वर्षे स्टँडवर उभे राहून त्यांनी याच एका प्रश्नाचे उत्तर दिले होते, म्हाताऱ्यांना, शाळेच्या पोरांना, कोंबड्यांच्या पाट्या घेऊन आलेल्या बाजारकऱ्यांना. त्यांनी मनगटाकडे पाहिले. मनगटावर घड्याळ नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी घड्याळ बांधणे सोडले आहे. ते म्हणाले, "अजून लागली न्हाई, वहिनी. अर्धा तास हाय. बसा निवांत." आणि वहिनी बसल्या. मास्तर म्हणतात की दोन वर्षांत त्या प्रथमच सांगितल्यावर बसल्या.

हे सारे मास्तरांनी मला सांगितले ते नोव्हेंबरात, आणि तेही हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने. तो महिना माझ्या जुन्या धंद्याचा. नोव्हेंबर लागला की निवृत्तिवेतनधारक आपण जिवंत असल्याचे सांगायला बँकेत येतात, आणि मी इतक्या वर्षांत इतक्या जणांच्या सह्या घेतल्या आहेत की कठड्यावर या विषयातला अखेरचा शब्द माझा असतो. कंडक्टरांचे निवृत्तिवेतन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतले. रक्कम ऐकून वकीलसाहेब दर वर्षी तितकेच हळहळतात. त्या योजनेत दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तिथून एक वर्ष चालतो, पण कंडक्टर आम्हां सर्वांबरोबर नोव्हेंबरातच देतात. यंत्र त्यांचा अंगठा घेत नाही. पंचाचा चिमटा दाबून दाबून आणि नोटा मोजून मोजून त्यावरच्या रेषा गेल्या आहेत. "सरकारला मी दिसतोय, माझा अंगठा दिसत न्हाई," असे ते म्हणतात. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, आणि यंदा मी तो त्यांना कठड्यावरच काढून दिला. डोळे मिटा, उघडा, असे तो मोबाइल सांगत होता आणि कंडक्टर इतक्या इमानाने डोळे मिटत-उघडत होते की आबांना हसू आवरेना.

मास्तरांचा दाखला बँकेत सही करून द्यायचा होता. आम्ही दोघे चालत निघालो, आणि वाटेत ते म्हणाले की यंदा एक बरे आहे, सही करताना घरची काळजी नाही. मग ते बोलत राहिले. मी मध्ये "होय" म्हणत होतो. बँकेच्या पायऱ्या चढताना त्यांनी बोलणे थांबवले आणि आत जाऊन, ज्या अक्षराने फळ्यावर सुविचार लिहीत त्या अक्षरात, नावापुढे सही केली.

दसऱ्यानंतर पाऊस गेला आणि एका सकाळी मास्तर वहिनींना घेऊनच आले. बरोबर कंडक्टरांच्या सौभाग्यवती होत्या. दोघी पुढे चालल्या, आम्ही मागे. वहिनींनी त्या दिवशी संध्यामठाकडे बोट दाखवून ते काय आहे म्हणून विचारले, आणि मास्तरांनी सांगितले. मग रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट निघाली. तो नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी होईल, ही ती गोष्ट. आमच्यात यावर जुना वाद आहे. आबांचे म्हणणे असे की तांदूळ आजऱ्याचा घनसाळ धरला तर दाणा बारीक, म्हणजे नंदी रोज थोडा तरी पुढेच जाणार. वकीलसाहेब म्हणतात की गोष्टीत जात दिलेली नाही, त्यामुळे बासमती धरायला कायद्याने आडकाठी नाही आणि मग नंदी उलट मागेच मागे जाईल आणि जग कधीच बुडणार नाही. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारले, "आणि राधानगरीची गाडी?" कंडक्टर म्हणाले, "वेळ हाय अजून, वहिनी." थोड्या वेळाने त्यांनी नंदीची गोष्ट पुन्हा विचारली, आणि आबांनी घनसाळाचा मुद्दा पुन्हा मांडला, तितक्याच हिरीरीने.

आम्हांला भीती होती ती अवघडलेपणाची. तेच तेच विचारणारे माणूस बरोबर असले की भोवतीची माणसे एकमेकांकडे बघू लागतात, आवाज मृदू करतात, आजाऱ्याशी बोलावे तसे बोलतात. तसे काही झाले नाही, आणि त्याचे श्रेय आमच्या चांगुलपणाला देण्याचे कारण नाही. पाणी सुटले का, झोप लागली का, पोट साफ झाले का, मुलाचा फोन आला का, बाकी काय विशेष, हे रोज त्याच क्रमाने विचारणाऱ्या आणि रोज तीच उत्तरे नव्याने ऐकणाऱ्या माणसांत वहिनी पहिल्याच दिवशी बेमालूम बसल्या. त्यांचा प्रश्न आमच्या प्रश्नांत फक्त एकाने भर घालणारा होता. कित्येकदा तर त्याच "पाणी सुटलं काय?" म्हणून सुरुवात करतात आणि वकीलसाहेब वरच्या टाकीपर्यंतचा सगळा वृत्तान्त त्यांना देतात. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारले, तर वकीलसाहेबांना राहून गेलेला एखादा तपशील आठवतो.

सगळ्या सकाळी अशा नसतात. कधी त्या कठड्यावर बसल्या-बसल्या रडू लागतात, कधी मास्तरांना ओळखत नाहीत आणि या परक्या माणसाने माझा हात का धरला आहे, असे कंडक्टरांच्या सौभाग्यवतींना विचारतात. अशा वेळी मास्तर उठून थोडे दूर जाऊन पाण्याकडे पाहत उभे राहतात. परत आले की ते चष्म्याच्या काडीबद्दल काहीतरी बोलतात. काडी सैल झाली आहे, सारखी घसरते. आबा त्यांना स्क्रू आवळणाऱ्या माणसाचे दुकान सांगतात. ते दुकान कुठे आहे, हे मास्तरांना गेल्या महिन्यापासून माहीत आहे.

या जानेवारीत थंडी चांगली पडली. तळ्यावर धुके होते आणि समोरच्या पेठा दिसत नव्हत्या. वहिनींना पडसे झाले होते म्हणून त्या चार दिवस आल्या नाहीत. कंडक्टरांच्या सौभाग्यवती त्यांच्याजवळ घरी बसल्या. मास्तर एकटे आले. पाण्याचे झाले, झोपेचे झाले, वकीलसाहेबांच्या रात्रीच्या खेपांचे झाले, माझ्या मुलीचा फोन रविवारी येऊन गेल्याचे मी सांगितले. आबांनी पेंडीचा नवा भाव सांगितला. मग बोलणे थांबले आणि थांबूनच राहिले, जसे जिन्यात एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे काहीसे सर्वांना झाले. कानटोपी सारखी करत वकीलसाहेबांनी विचारले, "कंडक्टर, राधानगरीची गाडी लागली काय?"

कंडक्टरांनी रिकाम्या मनगटाकडे पाहिले.

"अर्धा तास हाय," ते म्हणाले, आणि मास्तरांनी चष्म्याची काडी पुसायला काढली.